अंगठ्याला बांधलेली दोरी

आमच्या घरात दुपारी कोणी झोपत नाही, असं माझ्या सासूबाई सगळ्यांना सांगतात. त्या स्वतः तर लग्न होऊन या घरात आल्यापासून एकदाही दिवसा झोपलेल्या नाहीत. जेवण झालं की ओसरीवर खांबाला टेकतात, पदर डोळ्यांवर ओढतात आणि थोड्याच वेळात घोरायला लागतात. पण ती झोप नव्हे. विचारलं तर म्हणतात, "डोळे दुखायलेत, म्हणून मिटले व्हते."

आमची लेक मात्र खरोखरच झोपत नव्हती.

हे सगळं मी शिलाईच्या वहीत मागच्या बाजूने लिहिते. पुढच्या बाजूला छाती, कंबर, बाही, गळा अशी मापं आहेत, त्यामुळे आमचे हे ती वही उघडत नाहीत. सासूबाईंना वाचता येत नाही. मी चौथीपर्यंत शिकले. पाचवीची शाळा दुसऱ्या गावात होती आणि मधे ओढा होता. बोलायचं म्हटलं तर मला चार माणसांत घाम फुटतो, शब्द घशातच बसून राहतात. वहीत तसं होत नाही. वहीत मी सासूबाईंनाही भीत नाही.

लेक तेव्हा आठ महिन्यांची होती. रात्री दर तासाला उठून ती आम्ही जागे आहोत का ते बघायची. आम्ही जागे झालो की तिला बरं वाटायचं. रात्रीची राहिलेली झोप दिवसा तरी घेईल म्हणावं, तर दिवसा तिला जग बघायचं असे. कोंबडी पळाली, बघ. शेळी शिंकली, बघ. मांडीवर थोपटून थोपटून निजवलं आणि हळूच खाली ठेवलं, की पाठ गोधडीला टेकायच्या आत डोळे टक्क उघडे. वर हसायची. रडली असती तर मला राग तरी धरता आला असता.

उपाय सांगायला शेजारी सासूबाईंची चुलत जाऊ होती. त्यांना सगळा गाव अक्का म्हणतो. आमच्या आणि त्यांच्या अंगणात छातीएवढी भिंत आहे आणि त्या भिंतीवर अक्कांचं डोकं दिवसभर ठेवल्यासारखं असतं.

"तेलानं चांगली रगडा, ऊन ऊन पाण्यानं न्हाऊ घाला," अक्का म्हणाल्या, "मंग बघा कशी पडती मेल्यावानी."

"मेल्यावानी कामून म्हणता वो अक्का? लेकराला काय बी बोलता!" सासूबाई म्हणाल्या.

"बरं, मुडद्यावानी म्हणते."

अक्का स्वतः आल्या आणि त्यांनी लेकीला रगडलं. मी चुलीवरचं पाणी उपसून उपसून दिलं. न्हाणं झालं, ओव्याची धुरी झाली, पोखर्णीच्या नरसिंहाचा अंगारा कपाळाला लागला. मग अक्का दमून भिंतीशी लवंडल्या. सासूबाईंचे डोळे दुखायला लागले. मी बसल्या बसल्या पेंगले. जागी झाले तेव्हा घरात एकटी लेक जागी होती आणि तेलाची वाटी चाटत होती.

ह्यांचा उपाय मोटारसायकलचा. लेक मांडीवर घेऊन मी मागे बसायचे आणि हे गावाला चक्कर मारायचे. गाडी चालू असेपर्यंत ती झोपायची, गाडी बंद केली की उठायची. म्हणून हे पुन्हा चक्कर मारायचे. मारुतीच्या पारावर बसलेल्या माणसांसमोरून आम्ही एका संध्याकाळी चार वेळा गेलो. चौथ्या वेळी एका म्हाताऱ्याने हाक मारलीच, "काय हुडकायलास रं बाबा? आमी बी येतो की हुडकायला." मी पदरात तोंड घातलं ते घरी येईपर्यंत बाहेर काढलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मोटारसायकल बंद.

शेवटी झोळी बांधली. सासूबाईंचं जुनं लुगडं, धुऊन धुऊन लोण्यासारखं मऊ झालेलं. ओसरीच्या तुळईला सुताच्या दोरीने ते टांगलं, जमिनीपासून वीतभर उंच, आणि खाली गोधडी अंथरली. अशाच झोळीत सासूबाईंनी आपली सहा लेकरं वाढवली. दोरी तुळईवर कुरकुरायला लागली आणि लेक झोपली. आम्ही सगळे तोंडाला हात लावून उभे राहिलो. पण झोळी थांबली, कुरकुर थांबली, की लुगड्याच्या कडेवरून दोन डोळे वर यायचे.

आमच्याकडे बायका झोळीला एक लांब दोरी बांधतात आणि दुसरं टोक स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला. म्हणजे हात कामाला मोकळे राहतात. मी चुलीपुढे बसून भाकरी थापत पाय हलवायचे. भाकरी थोड्या वाकड्या यायच्या, पण लेक झोपायची.

झोळीचा एक कायदा मात्र सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितला. रिकामी झोळी हलवायची नाही. रिकामी हलवली की लेकराचं पोट दुखतं. एकदा जाता जाता ह्यांच्या कोपराचा धक्का रिकाम्या झोळीला लागला, तर सासूबाईंनी ह्यांना झोळीच्या पाया पडायला लावलं. "झोळीला कुठं पाय हायत?" हे म्हणाले. "मंग दोरीच्या पड," सासूबाई म्हणाल्या. ह्यांना पडावं लागलं.

तर अशा दिवसांत गावात शिलाईचा वर्ग निघाला. समाजमंदिरात, दुपारी दोन ते चार, एक महिना. सेलूहून शिकवायला बाई येणार होत्या आणि महिन्याच्या शेवटी ज्या बाईला नीट ब्लाउज शिवता येईल तिला प्रमाणपत्र मिळणार होतं. चौथीनंतर माझ्या हातात कुठलाच कागद आलेला नव्हता. लग्नाची पत्रिका सोडली तर. मला जायचं होतं. इतकं जायचं होतं की मी तीन दिवस शेळीपुढे बोलून बघितलं, सासूबाईंना कसं विचारायचं ते. चौथ्या दिवशी विचारलं. सासूबाई तूर पाखडत होत्या.

"काय म्हणलीस? मोठ्यानं बोल."

मी पुन्हा म्हणाले. या वेळी शेळीला तरी ऐकू गेलं असेल.

"शिलाई? जा की," सासूबाई म्हणाल्या. "लेकराला निजवून जा. झोळीची दोरी मी धरते. पण माझ्या नातीला रडवून मला शिलाई नगं. रडली की वर्ग बंद."

पहिल्या दिवशी लेक दोनला झोपली. मी सासूबाईंच्या अंगठ्याला दोरी बांधून दिली आणि पळाले. जागा धरली, सुईत दोरा ओवला, आणि तेवढ्यात समाजमंदिराच्या दारातून अक्कांचा आवाज आला, "अगं ये बाई, लेकरू रडून रडून निळं पडायलंय! तुझी सासू बोलवायली!" बारा बायकांनी वळून माझ्याकडे बघितलं. जमीन दुभंगली असती तर मी सुई-दोऱ्यासकट आत गेले असते.

घरी लेक कुठलीच निळी नव्हती. लाल होती, आणि मला बघून हसली. सासूबाई रागात होत्या.

"एक डाव झालं. आजून एक डाव झालं की बंद म्हणजे बंद."

मी मान डोलावली. पण मला दिसलं. सासूबाईंच्या उजव्या गालावर खांबाच्या नक्षीचा वळ उठलेला होता. वेलबुट्टी अगदी स्पष्ट. डोळे दुखायला लागले होते, पाय थांबला होता, झोळी थांबली होती आणि लेक उठली होती. म्हणजे निजवायचं लेकीला नव्हतं, जागं ठेवायचं सासूबाईंना होतं. आणि ते माझ्या बापालाही जमलं नसतं.

दुसऱ्या दिवशी वर्गाला सुट्टी होती. सासूबाईंचे पाय दुखत होते म्हणून जेवणानंतर त्या ओसरीवर पटकूर टाकून आडव्या झाल्या. दोरी अंगठ्याला होतीच. मी पाय चेपायला बसले. आधी त्यांचा पाय हलत होता, मग हळू झाला, मग थांबला. लेक कुसकुसली. मी दोरीला हात घालणार, तेवढ्यात सासूबाई पार गाढ झोपेत गेल्या. मोठं घोरणं सुरू झालं, आणि त्याबरोबर पाय आपोआप हलायला लागला. घोरणं वर गेलं की पाय पुढे, खाली आलं की पाय मागे. मी हात काढून घेतला. पाय चालूच. सहा लेकरं त्या दोरीवर वाढवल्यावर पायाला डोक्याची गरज उरली नसावी. लेक दोन तास झोपली. मी दोन तास बसून बघत राहिले.

मला सगळं समजलं. कच्च्या झोपेत पाय थांबतो, पक्क्या झोपेत तो चालू लागतो. मधली दहा मिनिटं तेवढी धोक्याची.

तेव्हापासून मी फार चांगली सून झाले. दुपारच्या जेवणात वरणावर तुपाची धार जरा लांब धरायची. आणखी एक भाकरी घ्या म्हणून आग्रह करायचा. वर तांब्याभर ताक. मग पटकूर अंथरायचं, खांबाला टेकू द्यायचं नाही, आडवंच करायचं, आणि पाय चेपायचे. धोक्याची दहा मिनिटं निघून जाईपर्यंत एका हाताने पाय चेपायचे आणि दुसऱ्या हाताने दोरी ओढायची. पाय आपला आपण चालू लागला की उठायचं आणि चपला हातात घेऊन फाटकाबाहेर पडायचं.

भिंतीवरून अक्का सगळं बघत होत्या. झोळी, अंगण आणि मी त्यांना दिसायचे. सासूबाई खांबाआड असल्यामुळे दिसायच्या नाहीत. त्यांनी गावभर सांगितलं, "सून असावी तर अशी. रोज सासूचे पाय चेपून मंग जाती. आमची बघा, माझ्या पायावरून गाडी गेली तरी म्हणल, गाडीला लागलं का." पाणी भरताना बायका माझं कौतुक करायच्या. मी मान खाली घालायचे. त्या म्हणायच्या, किती लाजाळू आहे. लाजाळू मी आहेच, पण तेव्हा मान हसू लपवायला खाली जायची.

असे तीन आठवडे उलटून गेले. मी काज करायला शिकले, झबलं शिवलं, पायाच्या मशीनवर सरळ टीप मारायला शिकले. मशीनवर माझा पाय चांगला चालतो, असं बाई म्हणाल्या. चालणारच, झोळीची सवय होती. आता फक्त ब्लाउज राहिला होता. त्याला चार दिवस होते.

त्या दिवशी मी चारला घरी आले. फाटकातच घोरणं ऐकू आलं. बरं वाटलं. ओसरीवर चढले. सासूबाईंचा पाय हलत होता, दोरी ताणत होती, सैल होत होती, तुळई कुरकुरत होती. झोळीत डोकावले तर झोळी रिकामी.

आधी मी आडाकडे बघितलं. त्यावर झाकण होतं. मग चुलीकडे. मग गोठ्याकडे. मग खाली बघितलं.

लेक झोळीतून गोधडीवर घसरली होती आणि रांगत आजीपर्यंत गेली होती. सासूबाईंच्या काखेत तोंड खुपसून, पदराचं टोक मुठीत धरून ती झोपली होती. झोका नाही, कुरकुर नाही, काही नाही. जन्मल्यापासून पहिल्यांदा दिवसा जमिनीवर झोपली होती. आजी झोपलेली, नात झोपलेली, आणि दोघींच्या वर रिकामी झोळी एवढ्या झोकात हलत होती की तिला बघून मला मारुतीच्या पारासमोरच्या आमच्या चकरा आठवल्या.

मी विचार केला. सासूबाई जाग्या झाल्या आणि त्यांना दिसलं की आपण स्वतः रिकामी झोळी हलवली, तर आपण झोपलो होतो हेही दिसणार. आणि झोपणाऱ्या माणसावर लेकरू सोडून कोण वर्गाला जातं? चार दिवस राहिले होते. मी लेकीला उचललं आणि झोळीत घातलं. ती उठली नाही. सासूबाई उठल्या.

"आलीस का? बघ, लेकरू हललं पण न्हाई. मी डोळ्याला डोळा लावला न्हाई."

"हो, आत्याबाई."

आणि दिवे लागायच्या वेळेला लेक पाय पोटाशी घेऊन रडायला लागली.

सासूबाईंनी हिंग पाण्यात कालवून बेंबीभोवती लावला. मी तव्यावर फडकं गरम करून शेक दिला. हे रानातून आले ते हातपाय न धुताच उभे राहिले. तेवढ्यात फाटक वाजलं आणि भिंतीवरचं डोकं आज धडासकट आत आलं.

"पोट दुखणारच," अक्का म्हणाल्या. "दुपारी तुमची झोळी रिकामी हलायली व्हती. मी ह्या डोळ्यानं बघितलं. मी भिंतीवरून हाका मारणार, पर म्हणलं दुसऱ्याच्या घरात आपण कामून बोलावं."

सासूबाईंचा हात हिंगाच्या वाटीत थांबला. "रिकामी? कोण हलवायलं व्हतं?"

"ते खांबाआड दिसलं न्हाई. पर झोळी आपोआप हलत न्हाई जाऊबाई."

"मी रानात व्हतो," हे घाईने म्हणाले. ह्यांना पुन्हा दोरीच्या पाया पडायचं नव्हतं.

आता राहिलो आम्ही दोघी. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत चांगलाच राग होता. मग तो कमी झाला. मग त्यांनी हळूच स्वतःच्या उजव्या पायाकडे बघितलं. अंगठ्याभोवती दोरीचा लाल करकोचा होता. त्यांनी पाय लुगड्याखाली ओढून घेतला.

सांगावं तर सासूबाईंची अक्कांपुढे शोभा. न सांगावं तर अक्का हलणार नाहीत.

"मी हलवली," मी म्हणाले. आवाज माझा मलाच मोठा वाटला.

"बघा!" अक्का म्हणाल्या. "आमी कौतुक करावं आन् ह्यांनी असं करावं. सारं ध्यान शिलाईत. बंद करा तिचा वर्ग उद्यापसून. लेकराच्या जिवापरीस ब्लाउज मोठा हाय का?"

माझ्या हातातलं फडकं गार होऊन गेलं. सासूबाईंनी नाक वर करून हवेत वास घेतला.

"अक्का, चुलीवर दूध ठिवून आलाव का तुमी? करपायलंय."

"अगं बया!" अक्का गेल्या. फाटक उघडंच राहिलं. मला कसलाच वास आला नव्हता.

सासूबाईंनी लेकीला मांडीवर पालथं घेतलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "दुपारी तू समाजमंदिरात व्हतीस ना?"

"हो."

"मंग तिथून झोळी कशी हलवलीस?"

शेळीपुढेही मी याचा सराव केलेला नव्हता. तोंडातून आलं ते आलं. "दोरी लांब हाय, आत्याबाई."

आधी सासूबाईंचं पोट हललं. मग खांदे हलले. मग त्या अशा हसायला लागल्या की डोळ्यांतून पाणी, पदर तोंडात, आणि मांडीवरची लेक वरखाली, वरखाली. त्या हिसक्यांत लेकीने एवढा मोठा वारा सोडला की हे दचकून मागे सरले. लेकीचं रडणं तिथंच थांबलं. तिने आमच्या तिघांकडे बघितलं, हसली, आणि आजीच्या मांडीवर पालथीच झोपून गेली.

"काय झालं? मला बी सांगा की," हे म्हणाले.

"बायकांच्या गोष्टी हायत. तू हातपाय धू," सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी वर्गाचं कोणी काही बोललं नाही, म्हणून मी नेहमीसारखं ताट वाढलं. जेवण झालं. लेक झोळीत गेली. मी काल रात्रीच झोळीची तोंडाकडची बाजू टाके घालून खोल करून घेतली होती, माझ्या हातची पहिली कामाची शिलाई तीच. पटकूर अंथरलं, सासूबाई आडव्या झाल्या, दोरी त्यांनी स्वतः अंगठ्याला गुंडाळली. मी पायाशी बसले आणि चेपायला हात पुढे केला.

"ऱ्हाऊ दे," सासूबाई म्हणाल्या. "तीन आठवडे झाले पाय चेपायलीस. मला काय कळत न्हाई?"

मी हात मागे घेतला.

"आन् तूप बी उलीसं कमी वाढत जा. माझा चोळीचा खण तटायलाय. चोळी बी आता तुलाच शिवावी लागल." त्यांनी पदर डोळ्यांवर ओढला. "जा. दोन वाजले. जाताना ती गाठ घट्ट करून जा."

मी गाठ घट्ट केली. तिथून निघाले ते आज चपला पायात घालून निघाले. फाटकापर्यंत पोचले तोवर मागून घोरणं सुरू झालं होतं आणि तुळई कुरकुरायला लागली होती. भिंतीवर डोकं होतंच.

"चाललीस व्हय वर्गाला?" अक्का म्हणाल्या. त्यांनी मान लांब करून ओसरीकडे कान दिला. "काय गं, सासू झोपली का तुझी?"

मी कधी अक्कांना उत्तर देत नाही. मान डोलावते आणि जाते. त्या दिवशी थांबले.

"न्हाई वो," मी म्हणाले. "डोळे दुखायलेत त्यांचे."